सुट्टीतली घरशाळा आणि कोसबाडचं अंगण



एप्रिल संपत आला की आमच्या हिंगोलीत सकाळी दहा वाजताच ओट्यावर पाय ठेववत नाही. याच दिवसांत पुण्याहून सूनबाईचा फोन आला. "आई, या वर्षी दोघांना महिनाभर तुमच्याकडे पाठवतो. पण नुसतं खेळण्यात दिवस नको जायला. थोडं वाचन, थोडं गणित घ्याल ना? तुम्ही बी.कॉम. आहात, तुम्हाला सहज जमेल." मागोमाग मोबाईलवर वेळापत्रकही आलं. नऊ ते दहा इंग्रजी, दहा ते अकरा गणित, अकरा ते साडेअकरा सुलेखन. नातू सात वर्षांचा, नात पाच वर्षांची.

मी लगेच नवी वही काढली, पट्टीने रकाने आखले. तारीख, वेळ, विषय, शेरा. आडत दुकानाच्या घरात चाळीस वर्षं काढली, रकाने आखायला हाताला सांगावं लागत नाही. पण चौथ्या रकान्यावर "शेरा" लिहिलं आणि हात थांबला. अशी वही मी आधी एकदा आखली होती. 1993 च्या उन्हाळ्यात, माझ्या मुलासाठी. तेव्हा तो सात वर्षांचाच होता.

त्या सुट्टीत मी त्याला रोज दोन तास बसवायची. पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. नाही आलं तर संध्याकाळचं खेळणं बंद. एका दुपारी तो सापडेना. तास-दीड तास शोधलं, शेवटी माळ्यावर हळदीच्या पोत्यांमागे सापडला. घामाने भिजलेला, तोंडभर हळद, आणि तोंडात एकच वाक्य, "आई, मला सव्वातेरा येत नाही." मी त्याला खाली आणलं, अंघोळ घातली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वही उघडली. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मुलगा पुढे शिकला, चांगल्या नोकरीला लागला. पण स्वतःच्या लेकराला गणित शिकवायला तो बसत नाही. सूनबाई म्हणते, "त्यांना ते नकोच वाटतं." का नकोसं वाटतं, ते मला ठाऊक आहे.

म्हणून या वेळी वही मिटली आणि ठरवलं, आधी आपल्या लोकांनी लहान लेकरांना घरी कसं शिकवलं ते बघू. वाचनालयातून पुस्तकं आणली, जुनं आठवलं. त्यातून जे हाती लागलं ते आज लिहिते आहे.

पहिली घरशाळा

आपल्याला फार लांब जावं लागत नाही. आचार्य जिनसेनांनी नवव्या शतकात रचलेल्या आदिपुराणात भगवान ऋषभदेवांची कथा आहे. ब्राह्मी आणि सुंदरी या दोन मुली त्यांच्याजवळ येतात. ते त्यांना मांडीवर घेतात, आशीर्वाद देतात आणि एकीला अक्षरं, दुसरीला अंक शिकवतात. उजव्या हाताने लिपी, डाव्या हाताने अंक. आमच्या पाठशाळेत बाई सांगायच्या की म्हणूनच एकक, दहक, शतक असं मोजताना आपण उजवीकडून डावीकडे सरकतो.

ही कथा आपण शेकडो वेळा ऐकली आहे. लिपीचं नाव ब्राह्मी का, हे सांगण्यासाठी ऐकली, मुलींना शिकवलं पाहिजे हे सांगण्यासाठी ऐकली. या वेळी मात्र माझं लक्ष मांडीकडे गेलं. राजा आहे, नगरी आहे, पंडित बोलावता आले असते. तरी मुलींचा पहिला धडा बापाच्या मांडीवर झाला. माझ्या 1993 च्या वहीत मांडीसाठी रकाना नव्हता.

आणि आपल्या लोकांना गणिताचं वावडं कधीच नव्हतं. त्याच नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्यांनी गणितसारसंग्रह लिहिला. त्यातली कितीतरी उदाहरणं फळं, फुलं, मोती, व्यापार अशा रोजच्या वस्तूंची आहेत. मोठ्यांच्या ग्रंथातही हिशोब वस्तूंवरून चालतो, मग सात वर्षांच्या लेकराला मी नुसते आकडे का पाठ करायला लावत होते?

धुळाक्षरं आणि माझी आई

जुन्या काळी पंतोजींच्या शाळेत पाटी-पेन्सिल नंतर यायची. आधी धूळपाटी. लाकडी फळीवर बारीक धूळ किंवा विटेची पूड पसरायची आणि बोटाने अक्षर काढायचं. ती धुळाक्षरं. चुकलं तर हात फिरवला की फळी कोरी. लाल शाईचा शेरा कुठेच राहत नाही. त्याच शाळेत पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी घोकायला लावत आणि छडीही असे, तेव्हा सगळंच चांगलं होतं असं मी म्हणत नाही.

माझी आई हिंगोलीतच वाढली. तेव्हा हा भाग परभणी जिल्ह्यात, आणि राज्य निजामाचं. सरकारी कारभाराची आणि वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. मुलीला शाळेत घालायचा प्रश्न आमच्या घरात आलाच नाही. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि तिचं शाळेत जायचं वय घरातल्या लोकांच्या मते उलटून गेलं होतं. पण तिच्या काकांनी तिला स्वयंपाकघरात पाटावर पीठ पसरून अक्षरं शिकवली. ज्वारीचं पीठ. अक्षर झालं की पीठ गोळा करून परातीत, त्याचीच भाकरी. आई पुढे आयुष्यभर रोज स्वाध्याय करायची, चष्मा लावून ओळीवर बोट ठेवून वाचायची. अक्षर नेहमी मोठं काढायची, कारण शिकली तेव्हा बोटाने शिकली होती.

आपल्या समाजातही मगनबाईंचं उदाहरण आहे. मुंबईचे दानशूर शेठ माणिकचंद हिराचंद यांची ही लेक, जन्म 1879. तरुणपणी वैधव्य आलं. वडिलांनी तिला कोपऱ्यात बसू दिलं नाही, शिकायला लावलं. त्या शिकल्या आणि मुंबईच्या श्राविकाश्रमातून विधवा बहिणींना शिकवत राहिल्या. घरात एकीला शिकवलं की ते घरापुरतं राहत नाही.

एका वकिलाचं बाळ

आता थोडं गुजरातेत जाऊ, कारण आपल्या मराठी बालशिक्षणाची मुळं तिकडे आहेत.

गिजुभाई बधेका पेशाने वकील. 1913 साली त्यांना मुलगा झाला. याला आपल्याला जसं वाढवलं तसं वाढवायचं नाही, मग कसं वाढवायचं, या प्रश्नाने त्यांना पछाडलं. त्या शोधात इटलीच्या मारिया माँटेसरी यांचं लेखन त्यांच्या हाती आलं. माँटेसरीबाई डॉक्टर होत्या. 1907 मध्ये रोमच्या एका गरीब वस्तीत त्यांनी लहान मुलांसाठी बालगृह सुरू केलं होतं. मुलांना हाताने वस्तू हाताळू द्या, आपापल्या गतीने काम करू द्या, बक्षीस आणि शिक्षा दोन्ही बाजूला ठेवा, असं त्यांचं सांगणं.

गिजुभाई वकिली सोडून 1916 मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेले आणि 1920 मध्ये तिथे बालमंदिर सुरू केलं. गोष्टी, गाणी, बाग, नाटक, मातीकाम. लेकरं त्यांना "मूछाळी मा" म्हणत, म्हणजे मिशीवाली आई. स्वतःच्या घरातल्या एका बाळापासून सुरुवात करून हा माणूस देशभरच्या बाळांपर्यंत पोचला.

या बालमंदिरात 1923 साली एक मराठी बाई येऊन दाखल झाल्या. ताराबाई मोडक. जन्म 1892 चा, मुंबईचा. 1914 साली बी.ए. झालेल्या. लग्नानंतर काही वर्षं अमरावतीला होत्या, म्हणजे आपल्या शेजारच्या विदर्भात. संसार मोडला, पदरी मुलगी होती. राजकोटला स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजात प्राचार्यपदाची प्रतिष्ठेची नोकरी होती. ती सोडून त्या गिजुभाईंकडे आल्या. 1926 मध्ये दोघांनी मिळून नूतन बालशिक्षण संघ काढला. माँटेसरीबाई स्वतः भारतात आल्या त्या 1939 मध्ये, मद्रासच्या अड्यारला शिक्षक घडवायला. त्याआधी तेरा वर्षं हे काम इथे रुजलेलं होतं.

लेकरं येत नाहीत, तर शाळा जाईल

पुढे ताराबाई मुंबईत आल्या, दादरला शिशुविहार चालवलं. पण एक गोष्ट त्यांना खटकत होती. माँटेसरीची साधनं महाग. गुळगुळीत लाकडी ठोकळे, मोजून बनवलेले दट्टे, मण्यांच्या माळा. हे शहरातल्या पैसेवाल्या घरांना परवडणारं. खेड्यातल्या लेकरांचं काय?

1945 मध्ये त्यांनी मुंबई सोडली आणि समुद्रकाठच्या बोर्डी गावात ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. तेव्हाचा ठाणे जिल्हा, आता पालघर. वय त्रेपन्न. सोबतीला आल्या अनुताई वाघ.

अनुताईंबद्दल वाचताना मी पुस्तक मांडीवर ठेवून बराच वेळ बसले. जन्म 1910 चा. तेराव्या वर्षी लग्न, आणि काही महिन्यांतच वैधव्य. घरच्यांनी शिकवलं, त्या शिक्षिका झाल्या. पुण्याला हुजूरपागेत नोकरी करता करता रात्रशाळेतून 1937 मध्ये मॅट्रिक झाल्या. आणि बी.ए. कधी, तर 1961 मध्ये. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, कोसबाडची बालवाडी सांभाळत. मी एकविसाव्या वर्षी बी.कॉम. झाले ते मामांच्या घरी नांदेडला राहून, आयतं ताट समोर येत असताना.

बोर्डीत बालवाडी निघाली, पण गरीब वस्तीतली लेकरं येईनात. घरी धाकटं भावंड सांभाळायचं, शेरडं-गुरं राखायची, सरपण आणायचं. आलीच तर अंघोळ न केलेली, उपाशी. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, या लोकांना शिक्षणाची किंमत नाही. या दोघींनी उलटं केलं. बालवाडी उचलून वस्तीत नेली. झाडाखाली, कुणाच्या तरी अंगणात सतरंजी टाकली, नखं कापली, वेण्या घातल्या, गाणी म्हटली. तीच अंगणवाडी. सरकारने 2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास योजना आणली आणि हेच नाव गावोगाव पोचलं. आज आपल्या वसमतपासून सेनगावपर्यंत प्रत्येक गावात जी अंगणवाडी दिसते, तिच्या नावामागे ते अंगण आहे.

1957 मध्ये हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या मध्ये गेलं. तिथे थोडी मोठी मुलं दिवसभर गुरांमागे असत. मग कुरणशाळा निघाली. गुरं चरतात तिथेच शिकायचं. साधनं कुठली? खडे, शिंपले, बिया, पानं, बांबूचे तुकडे, माती. मोजायला चिंचोके, लहान-मोठं ओळखायला दगड, रंग ओळखायला फुलं. विकत काहीच नाही. लेकराचा दिवस जसा आहे तसा घ्यायचा आणि त्यात शिक्षण शोधायचं, हा त्यांचा मार्ग.

ताराबाईंना 1962 मध्ये पद्मभूषण मिळालं, 1973 मध्ये त्या गेल्या. अनुताई कोसबाडलाच राहिल्या. 1984 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 1992 मध्ये त्यांनी देह ठेवला. म्हणजे 1993 मध्ये मी मुलाला पावकीसाठी रडवत होते, त्याच्या आदल्या वर्षापर्यंत ही बाई आपल्याच महाराष्ट्रात जिवंत होती, मराठीत लिहीत-बोलत होती. मला तिचं नाव फक्त पेपरात वाचून माहीत होतं.

माझी नवी वही

तर मैत्रिणींनो, वेळापत्रकाच्या आधी घराचा दिवस लिहून काढला. आमच्याकडे उन्हाळ्यात पहाटे लवकर उठणं, पाणी गाळणं, देवदर्शन, अकराच्या आत जेवण, भर दुपारी दारं-खिडक्या बंद, आणि सूर्यास्ताआधी पुन्हा जेवण. लेकरांचं शिक्षण याच दिवसात बसवलं.

सकाळी पाणी गाळताना नात सोबत. गाळणं दुहेरी का, कापडावर काय राहिलं, ते जपून पाण्यातच परत का सोडायचं, हे तिला डोळ्यांनी दिसतं. अहिंसेचा पहिला धडा आणि विज्ञानाचाही. किती तांबे म्हणजे एक कळशी, हे ती मोजते.

मग सुपात मूग, तूर, हरभरा, ज्वारी मिसळून ठेवायची आणि निवडायला द्यायची. पाच वर्षांच्या बोटांना पेन्सिल धरायची ताकद यातूनच येते. अक्षरं पाटावर पीठ पसरून, माझ्या आईसारखी.

नातू आजोबांसोबत सकाळी तासभर दुकानात. सध्या हळदीचा हंगाम आहे. हळकुंडं काट्यावर टाकायची, पाव किलो, अर्धा, पाऊण. पावकी, निमकी, पाऊणकी यांना वजन असतं हे त्याला हाताला कळेल. सव्वा म्हणजे काय, तेही. ओली हळद आपण खात नाही आणि वाळलेली का चालते, हा प्रश्न तो विचारेलच, त्याचं उत्तर आजोबांनी द्यायचं.

दुपारच्या बंद खोलीत गोष्ट. चोवीस तीर्थंकरांची लांछनं कागदावर काढून जोड्या लावायचा खेळ: ऋषभनाथांचा बैल, अजितनाथांचा हत्ती, संभवनाथांचा घोडा, मल्लिनाथांचा कलश. एका रविवारी शिरड शहापूरला मल्लिनाथ भगवंतांच्या दर्शनाला जाऊ, तेव्हा तो कलश नातीने शोधायचा. आणि आठवड्याला एक पोस्टकार्ड आई-बाबांना, मराठीत, चुका न सुधारता टाकायचं.

संध्याकाळी सूर्यास्ताची वेळ दिनदर्शिकेत बघायची आणि त्याआधी जेवायला किती मिनिटं उरली ते घड्याळात मोजायचं. घड्याळ शिकवायला याहून चांगलं निमित्त आपल्या घराशिवाय कुठे मिळेल?

इंग्रजी मला फारसं येत नाही. ते सूनबाईने रोज फोनवर दहा मिनिटं गोष्ट वाचून घ्यायचं. सगळं आजीनेच केलं पाहिजे असं नाही.

यातलं एखाद्या दिवशी काहीच झालं नाही तरी चालेल. कंटाळा आला तर सोडून द्यायचं. बक्षीस नाही, खेळणं बंद नाही. शेरा नावाचा रकाना काढून टाकला आहे. त्याच्या जागी "आज काय विचारलं" असा रकाना केला, त्यात लेकरांचे प्रश्न लिहायचे.

हे सगळं सूनबाईला कळवलं. ती म्हणाली, "आई, छान आहे, पण शाळेत मागे पडणार नाही ना?" तिची काळजी मला कळते, तीच काळजी मला 1993 मध्ये होती. मी म्हटलं, "महिनाभर बघू. वही तुला पाठवीन, तू स्वतःच ठरव."

रात्री मुलाचा फोन आला. इकडचं-तिकडचं बोलणं झालं. मग मी म्हटलं, "बाळा, त्या माळ्यावरच्या दुपारी माझं चुकलं. तुला शिकवायचं होतं, पण तुला बघितलंच नाही." तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आई, पोती अजून माळ्यावरच ठेवता का?" मी म्हटलं, "नाही, आता खाली गोदामात." "मग दुकानातला जुना तराजू काढून ठेवा," तो म्हणाला. "मुलांना सोडायला मी येतोय. दोन दिवस राहीन. वजनं मीच दाखवीन त्यांना."

आज सकाळी तराजू माळ्यावरून काढला, चिंच लावून घासला. एक पारडं थोडं झुकतंय, तेवढं दुरुस्त करून आणायचं आहे.

तुमच्याकडेही या सुट्टीत नातवंडं येणार असतील. तुमच्या घराच्या दिवसात कुठला धडा लपलेला आहे, ते जरूर कळवा.

जय जिनेंद्र.